कानाची मशीन घरी कशी सांभाळायची: सफाई, सेल, पावसाळा आणि वावर

कानाची मशीन मुकी झाली की घरात लगेच निकाल लागतो, "मशीन बिघडली." मग ती आलमारीत जाते. जिल्ह्याच्या गावाला नेऊन दाखवायची म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते, वर दोघांचं एसटीचं भाडं. त्यात कापूस वेचणीचे दिवस असले तर विषयच संपला. असे दोन-तीन महिने जातात आणि आबाजी पुन्हा "काय म्हणतं?" वर येतात. आलमारीत पडलेल्या अशा मशीनच्या आत बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. नळीत मळ अडकलेला असतो, पाण्याचा थेंब बसलेला असतो, नाहीतर सेल संपलेला असतो. ही तिन्ही कामं घरी, दिवाणावर बसून होतात.

सफाई मशीन लावणाऱ्याने स्वतः केली तर उत्तमच. पण सत्तरीतल्या माणसाला साच्याचं बारीक छिद्र दिसत नाही आणि हातही थरथरतो. त्यामुळे घरातलं एक माणूस ठरवून टाका: सून, नात, नातू, कोणीही. "ज्याला वेळ मिळेल तो करेल" असं ठरवलं की कोणीच करत नाही.

आधी आपली मशीन कोणती ते पाहा

सफाईची पद्धत मशीनच्या जातीवर अवलंबून आहे. एका जातीला जे चालतं त्याने दुसरी कायमची जाते.

कानामागची मशीन सगळ्यात जास्त दिसते. सरकारी शिबिरातून मिळते ती बहुधा हीच. केळीच्या आकाराची डबी कानाच्या मागे बसते, तिच्या टोकाला वाकडा हूक असतो, हुकाला पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा साचा. साचा कानाचं माप घेऊन बनवलेला असतो. काही मशीनना मापाच्या साच्याऐवजी तयार रबरी टोक असतं.

दुसरी जात दिसायला अशीच, पण नळीऐवजी बारीक वायर असते आणि आवाज काढणारा छोटा स्पीकर (याला रिसीव्हर म्हणतात) कानाच्या आत जातो. तिसरी पूर्ण कानात बसणारी. चौथी जुनी, खिशात ठेवायची पेटी, जिची वायर कानापर्यंत जाते आणि जिला पेन्सिल सेल लागतो. ही आता कमी झाली, पण गावात अजून आहे.

एक गोष्ट पक्की धरा: पाणी लागू द्यायचं ते फक्त कानामागच्या मशीनच्या साच्याला, आणि तेही साचा मशीनपासून सोडवल्यावर. बाकी सगळ्या जातींना, सगळ्या भागांना फक्त कोरडी सफाई. साच्यासारखं दिसणारं टोक असलं, पण त्यातून वायर निघत असली, तर आत स्पीकर आहे. त्याला पाणी नाही.

दोन्ही कानांना मशीन असेल तर रंग पाहा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. खूण पुसली गेली असेल तर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, पण छिद्रापासून लांब.

सामान

मऊ सुती फडकं (जुन्या धोतराचं धुतलेलं कापड चालतं), मऊ केसांचा छोटा ब्रश, टोकाला तारेचं बारीक कडं असलेली काडी, हवेच्या छिद्रातून घालायचा नायलॉनचा जाड धागा, नळीतलं पाणी उडवायचा रबरी पंप आणि घट्ट झाकणाची सुकवायची डबी. ब्रश आणि काडी बहुधा मशीनच्या पेटीतच मिळते. लोक ती पेटी फेकून देतात, तेवढं करू नका. ब्रश हरवला असेल तर लहान मुलांचा नवा, मऊ टूथब्रश घ्या. वापरलेला नको, त्यात पेस्ट राहिलेली असते.

सुई, टाचणी, आगपेटीची काडी, उदबत्तीची काडी, केसांची पिन हे या कामातून बाद. ज्या मशीनचा स्पीकर कानात जातो, तिच्या छिद्राच्या आत बारीक जाळी असते आणि तिच्या मागे लगेच स्पीकर. सुईने मळ बाहेर येत नाही, आत ढकलला जातो आणि जाळी फाटते.

स्पिरिट, सॅनिटायझर, डेटॉल, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं पाणी यांपैकी काहीही मशीनला लावायचं नाही. प्लास्टिक तडकतं, साचा कडक होतो आणि आतलं चिकटवलेलं सुटतं.

रात्री पुसायचं, सकाळी झाडायचं

रात्री मशीन काढली तेव्हा मळ ओला, चिकट असतो. त्या वेळी ब्रश मारला तर तो छिद्रावर लिंपला जातो. रात्रभरात तो वाळतो आणि सकाळी ब्रशच्या दोन फटक्यांत गळून पडतो. म्हणून काम दोन भागांत करा.

रात्री:

१. हात साबणाने धुऊन कोरडे करा. पलंगावर किंवा मांडीवर टॉवेल पसरा आणि त्यावर काम करा. फरशीवर पडलेली मशीन बरेचदा वाचत नाही.

२. मशीन, हूक आणि साचा कोरड्या फडक्याने पुसा. कानामागच्या भागाच्या आतल्या बाजूला घाम साचतो, ती बाजू विसरू नका.

३. सेलचं दार पूर्ण उघडा. त्याने मशीन बंद होते आणि आतली दमट हवा बाहेर पडते. सेल काढून दाराच्या खोबणीत ओल आहे का पाहा, असेल तर फडक्याच्या कोपऱ्याने टिपून घ्या.

४. मशीन सुकवायच्या डबीत ठेवा, सेल डबीच्या बाहेर. का, ते पुढे येईल.

सकाळी मशीन हातात अशी धरा की साच्याचं छिद्र जमिनीकडे असेल. मग खालून वर ब्रश मारा. छिद्र वर ठेवून ब्रश मारला तर सुटलेला मळ आतच पडतो, आणि सफाईनेच मशीन बंद पडते. नव्या लोकांकडून ही चूक हमखास होते. छिद्रात मळाचा गोळा दिसत असेल तर तारेच्या कड्याने तो अलगद उचलून बाहेर ओढा, आत ढकलू नका. वरच्या बाजूला माइकची एक-दोन बारीक छिद्रं असतात. त्यांच्यावरून ब्रश नुसता फिरवा, टोचू नका.

नळी, साचा आणि सेल नीट बसलेत ना ते पाहून मशीन चालू करा, मुठीत धरा. कुईऽ असा आवाज आला म्हणजे चालू आहे. मग कानात.

आठवड्यातून एकदा साच्याची आंघोळ

हे फक्त कानामागच्या, नळीवाल्या मशीनसाठी. रविवार ठरवा नाहीतर बाजाराचा दिवस. संध्याकाळी धुवा, म्हणजे रात्रभर वाळायला मिळतं.

साचा सोडवताना घाई नको. एका हाताने हूक धरा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने नळी हुकाला लागूनच धरा आणि थोडी पिळत ओढा. साचा धरून ओढायचं नाही. नळी साच्यात चिकटवलेली असते. तिथून ती सुटली की घरी बसत नाही. पहिल्या एक-दोन वेळा नळी घट्ट वाटेल, नंतर सैल होते.

मशीन बाजूला, कोरड्या जागी ठेवून द्या. आता वाटीभर कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाचा किंवा लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब टाका आणि साचा ५ ते १० मिनिटं भिजू द्या. कोमट म्हणजे लहान मुलाला आंघोळ घालतो तेवढं. कढत पाण्याने साच्याचा आकार बदलू शकतो, आणि आकार बदलला की शिट्टी सुरू. कपड्याचा सोडा, भांड्याची पावडर नको.

भिजल्यावर ब्रशने घासा. साच्याला बहुधा दोन वाटा दिसतील: एक जाड, जिच्यात नळी बसते, ती आवाजाची. दुसरी बारीक, तिच्यातून कानात हवा खेळते. या बारीक वाटेतून नायलॉनचा धागा एकदा आरपार ओढून घ्या. ही बुजली की माणूस म्हणतो, "माझाच आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो," आणि मशीन काढून ठेवतो. मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. साबण राहिला तर कान खाजतो.

नळीतलं पाणी काढण्यातच खरी हुशारी आहे. पंपाचं टोक नळीच्या हुकाकडच्या तोंडाला लावून पाच-सहा वेळा जोरात दाबा. साच्याच्या छिद्रातून थेंब उडताना दिसतात. ते यायचे थांबले तरी आणखी दोनदा दाबा. तोंडाने फुंकू नका, श्वासातली वाफ आत जाऊन पुन्हा थेंब होते. पंप नसेल तर साचा फडक्यात धरून जोरजोरात झटका आणि रात्रभर कोरड्या जागी पसरून ठेवा.

सकाळी जोडण्याआधी नळी खिडकीच्या उजेडात धरा. कोरडी नळी एकसारखी पारदर्शक दिसते. थेंब राहिला असेल तर त्या जागी नळीत भिंगासारखा चमकता तुकडा दिसतो, आणि नळी कलवली की तो सरकतो. तेवढा एक थेंब पूर्ण आवाज अडवतो. तो हुकातून मशीनमध्ये उतरला तर स्पीकर जातो आणि ती दुरुस्ती महाग पडते. थेंब दिसला की पुन्हा पंप.

जोडताना साच्याचं टोक आणि मशीनचा बाक एकाच दिशेला हवेत. कानाजवळ धरून पाहा: मशीन कानामागे बसल्यावर साचा आपोआप कानाकडे वळलेला असला पाहिजे. उलटा बसला तर नळी पिळून दबते.

नळी कायम टिकत नाही. घाम आणि उन्हाने ती पिवळी पडते, कडक होते, आखडते. साधारण ३ ते ६ महिन्यांत ती बदलून घ्यावी लागते. आपल्याकडच्या उन्हात सहाची वाट पाहू नका. नळी दाबून पाहा: मऊ राहिली नसेल, हुकाजवळ चीर दिसत असेल, तर वेळ झाली. नळी स्वस्त असते. ती बदलायची नाही म्हणून शिट्टी सहन करत बसणं शहाणपणाचं नाही.

बारीक वायरवाली आणि कानातली मशीन

यांना रोजचं पुसणं-झाडणं तेच. फरक दोन.

वायरच्या टोकाला सिलिकॉनची छोटी टोपी असते, छत्रीसारखी. ती आठवड्याला काढून ब्रशने झाडा. पिवळी पडली, फाटली, ढिली झाली की नवी घाला. टोपी घातल्यावर दाबून, किंचित ओढून पक्की बसली का पाहा. ढिली टोपी कानातच राहते. तशी राहिली तर चिमट्याने काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. कानाच्या डॉक्टरांकडेच काढून घ्या.

टोपीखाली, स्पीकरच्या तोंडावर मळ अडवायची पांढरी बारीक जाळी असते. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि सेल नवा असूनही सुधारला नाही, तर जाळी भरली समजा. जाळी धुवायची नसते, कोरायची नसते, बदलायची असते. त्यासाठी दोन टोकांची काडी मिळते. रिकामं टोक जुन्या जाळीत दाबून सरळ बाहेर ओढा, काडी उलटी करा, नव्या जाळीचं टोक सरळ दाबून बसवा आणि काडी हलकेच बाजूला घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्या एकमेकींना बसत नाहीत, म्हणून विकत घेताना जुनी काडी सोबत न्या.

सेल

कानाच्या मशीनचा बटन सेल हवेवर चालतो. आत जस्त असतं, वरच्या सपाट बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांच्यावर रंगीत स्टिकर. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. त्याला दोन-तीन मिनिटं मोकळा ठेवा, मग बसवा. काढल्याबरोबर बसवला तर सुरुवातीलाच कमजोर पडतो आणि लवकर संपल्यासारखा वाटतो. आणि एकदा स्टिकर काढला की परत चिकटवून उपयोग नाही, सेल झिजत राहतो. म्हणून मोजून एकच उघडा.

मापं चार, प्रत्येकाचा रंग ठरलेला: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. कंपनी कोणतीही असो, रंग तोच. आकडा लक्षात राहिला नाही तरी स्टिकरचा रंग लक्षात राहतो, आणि रिकाम्या पाकिटाचा तुकडा खिशात असला की दुकानात बोलायची गरजच नाही. रोज दिवसभर मशीन लावली तर ३१२ आठवड्याच्या आसपास, १३ एक ते दोन आठवडे आणि ६७५ त्याहून जास्त चालतो. ज्याला फारच कमी ऐकू येतं त्याची मशीन जास्त जोराची, म्हणून तिचा सेल लवकर जातो. तो दोष नाही.

बसवताना छिद्रांची सपाट बाजू, म्हणजे + खूण असलेली, दाराच्या + खुणेशी जुळवा. दार सहज बंद होत नसेल तर सेल उलटा आहे. जोर लावला की बिजागरी तुटते. तेलकट किंवा घामट हाताने सपाट बाजू धरू नका, छिद्रं बुजतात.

तालुक्याच्या गावात घड्याळाच्या दुकानात "हाच सेल आहे" म्हणून एलआर-४४ हातात देतात. तो ६७५ च्या जागी बसतो, कारण माप जवळपास तेच. पण तो घड्याळ-कॅलक्युलेटरचा सेल, त्यात साठा फार कमी. थोड्याच वेळात संपतो आणि मशीनमध्ये विसरला तर गळून पट्टी खराब करतो. पाकिटावर मापाचा आकडा आणि न उलटलेली तारीख पाहूनच घ्या.

नवे सेल घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. मातीच्या भिंतीतली देवळी उत्तम, टिनाखालची फळी वाईट. फ्रिजमध्ये मुळीच नको, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं.

सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळला, नाकात किंवा कानात घातला अशी शंका जरी आली तरी उलटी करवत बसू नका, मीठपाणी पाजू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. आतल्या कातडीला तो काही तासांत भाजतो. वापरलेला सेल चुलीत टाकू नका, फुटतो. झाकणाच्या बाटलीत जमा करून मशीनच्या दुकानात परत द्या.

खिशातल्या पेटीच्या पेन्सिल सेलचं सोपं: मशीन दोन-चार दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा. चार्जिंगच्या मशीनला सेलचा ताप नाही, पण दोन पथ्यं आहेत. ओली किंवा घामट मशीन चार्जरमध्ये ठेवायची नाही, चार्जिंगची टोकं कोरडी पुसूनच ठेवायची. आणि चार्जर चुलीजवळ, टीव्हीवर किंवा उन्हाच्या खिडकीत नको. लाईन जात असेल त्या गावात रात्रीच्या चार्जिंगवर भरवसा न ठेवता दुपारी थोडं लावून घ्या.

ओल: पावसाळ्यातली आणि कूलरची

विदर्भात मशीनला सगळ्यात जास्त त्रास पावसाळ्यात होतो, हे सगळ्यांना पटतं. पण उन्हाळाही कमी नाही, आणि तो त्रास उन्हामुळे कमी, कूलरमुळे जास्त. रात्रभर कूलर चालू असलेल्या बंद खोलीत हवा चिंब असते. मशीन स्टुलावर, कूलरच्या तोंडासमोर काढून ठेवली की मे महिन्यातही तिच्यात ओल धरते. कूलरची खोली असो वा आषाढ-श्रावण, मशीन रात्री डबीत, झाकण घट्ट.

डबी विकत मिळते, घरी पण होते. रबरी रिंगवाली प्लास्टिकची डबी घ्या, तळाला रंग बदलणारं सिलिका जेल दोन मुठी टाका, वर जाळी किंवा सुती कापडाची घडी, त्यावर मशीन. दाणे मशीनला टेकू नयेत. सेल बाहेर ठेवायचा, कारण ही डबी त्याच्यातलीही ओल ओढून घेते आणि सेल कोरडा पडून मरतो.

कोरडे दाणे निळे असतात, ओल प्याले की गुलाबी होतात. केशरी जातीचे हिरवट किंवा फिकट पडतात. रंग बदलला की फेकू नका. जुन्या स्टीलच्या ताटलीत पसरून मंद आचेवर हलवत राहा, पहिला रंग परत येईपर्यंत. आच मोठी केली तर दाणे तडतडून फुटतात, काळे पडतात. कोमट असतानाच डबीत भरून झाकण लावा, नाहीतर थंड होता होता पावसाळी हवेतून पुन्हा ओल पितात. मशीन मात्र ते पूर्ण गार झाल्यावरच ठेवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते पोटात जाणं वाईट. त्यामुळे ती ताटली पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही आणि दाणे मुलांपासून लांब. केशरी मिळाले तर तेच घ्या.

बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या पुड्यांवर विसंबू नका. दुकानातून घरी येईपर्यंत त्या बहुधा ओल पिऊन भरलेल्या असतात आणि रंग नसल्याने कळतही नाही. तांदळात ठेवायचा सल्ला गावोगाव मिळतो. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याचं पीठ माइकच्या छिद्रात जातं.

हिवाळ्यात वेगळाच प्रकार होतो. पहाटे थंडीत बाहेर पडलं की कानातली गरम हवा गार नळीत जाऊन तिथे दव धरते. सकाळी नीट चाललेली मशीन आठ वाजता गप्प होते. साचा सोडवा, पंप मारा, चालू. डोक्याला रुमाल किंवा मफलर असला तर हा त्रास कमी होतो.

मशीन पाण्यात पडली, आंघोळीला तशीच गेली किंवा पावसात चिंब झाली तर: लगेच बंद, सेल काढून टाका (तो आता कामाचा नाही), दार उघडं, साचा वेगळा, फडक्याने टिपा, हलकेच झटका आणि २४ ते ४८ तास सिलिकाच्या डबीत. "चालते का पाहू" म्हणून मधेच चालू करू नका, ओलीतून वीज वाहिली की आतला भाग जळतो. उन्हात, चुलीच्या कडेला, केस वाळवायच्या मशीनसमोर ठेवू नका.

वावरात आणि घरात

सोयाबीनच्या मळणीला मशीन काढलेली बरी. थ्रेशरचा आवाज ती आणखी मोठा करते आणि कुटाराची धूळ सरळ माइकमध्ये जाते. फवारणीला तर काढायचीच, आणि फवारणीनंतर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. कापूस वेचताना तंतू साच्याच्या छिद्रात आणि माइकवर चिकटतात. तेव्हा मशीन ठेवायची असेल तर संध्याकाळी ब्रश चुकवू नका. काढलेली मशीन सदऱ्याच्या खिशात टाकू नका, वाकलं की पडते. घट्ट झाकणाची छोटी डबी कमरेला किंवा शिदोरीच्या पिशवीत. रस्त्याने, बैलगाडीवर, गाडीवर जाताना मात्र लावा. हॉर्न ऐकू येणं जास्त महत्त्वाचं आहे.

घरात क्रम असा: केसांना तेल, मग पावडर, मग फणी, मग हात धुणे आणि शेवटी मशीन. केसांचं तेल कानामागून उतरत साच्यात जातं आणि धूळ धरून चिखल करतं. मेंदी, कलप लावायच्या दिवशी मशीन डबीतच. आणि कानात कोमट तेल घालायची सवय मशीन लागल्यावर सोडावी लागते, तेल सरळ स्पीकरच्या जाळीवर बसतं.

काढलेली मशीन उंच ठेवा. तिला कानाच्या मळाचा वास असतो आणि कुत्र्याला तो फार आवडतो. चावलेली मशीन सहसा दुरुस्त होत नाही.

शिट्टी वाजते, किंवा अजिबात आवाज नाही

शिट्टी म्हणजे कानात गेलेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरणं. तेव्हा फट शोधायची. साचा काढून पुन्हा नीट फिरवत बसवा, कान वर-मागे ओढून धरला की सहज बसतो. तरी वाजते? आवाज एक घर कमी करा. तरी वाजते? नळीला चीर आहे का पाहा. तेही ठीक असेल तर कानातच मळाचा बोळा असू शकतो, आवाज त्याला आपटून परत येतो. तो डॉक्टरांनी काढायचा. वर्षानुवर्षांचा साचा सैल होतो, माणूस वाळला की आणखी सैल होतो. लहान मुलांचे साचे तर कान वाढतो तसे दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. शेल्याने कान झाकला किंवा कुशीवर झोपून मशीन दबली की शिट्टी येणारच, तो बिघाड नाही.

आवाजच नसेल तर या क्रमाने जा. सेल नवा घाला, स्टिकर काढला का, बाजू बरोबर का. बारीक सरकता खटका असलेल्या मशीनवर ओ, टी, एम अशी इंग्रजी अक्षरं असतात: ओ म्हणजे बंद, एम म्हणजे माइक, टी म्हणजे फोनसाठी. पुसताना खटका टीवर सरकला तर माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, नुसती घरघर येते. तो एमवर आणा. मग साचा सोडवा, आवाज पूर्ण वाढवा आणि नुसती मशीन मुठीत धरा. हुकातून जोरात कुई आली तर मशीन ठणठणीत आहे, अडथळा साच्यात किंवा नळीत आहे. धुवा, पंप मारा. सेल नवा असूनही हुकातून काहीच आलं नाही, तर दोष मशीनमध्ये. मग घरी काही करायचं नाही, स्क्रू उघडायचे नाहीत.

खरखर येत असेल तर सेलच्या जागेतल्या पट्ट्या कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर जुना सेल गळला होता.

कान दुखतो, वाहतो

कानातून पाणी, पू येत असेल, आत खाज आणि काळपट बुरशी दिसत असेल, साच्याने जखम झाली असेल, तर मशीन काढा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाहत्या कानात साचा घातला की हवा कोंडते आणि बरं होणारं दुखणं लांबतं. पावसाळ्यात बुरशी पुन्हा पुन्हा येते, त्या दिवसांत साचा आठवड्यातून दोनदा धुवा. आंघोळीनंतर कान पूर्ण वाळल्याशिवाय साचा घालू नका.

दवाखान्यात जाताना

वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी आणि सहा महिन्यांतून एकदा मशीनची तपासणी करून घ्या. कान-नाक-घसा विभाग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आहे, जिल्हा रुग्णालयातही विचारा. मशीन सरकारी असेल, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून किंवा ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मिळालेली, तर मिळाली त्या वेळचा कागद आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड सोबत ठेवा. दुरुस्ती किंवा नवी मशीन मागताना पहिल्यांदा तेच मागतात.

सोबत न्यायचं: दोन्ही मशीन (एकच बिघडली असली तरी), साचे, पेटी, वापरातला सेल, आधीच्या तपासणीचा आलेख. आणि घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर सेल बदलल्याच्या तारखेला छोटी फुली मारत चला. पूर्वी दहा दिवस चालणारा सेल आता चारच दिवस चालतो, हे तोंडी सांगितलं तर पटत नाही, दोन फुल्यांमधली घरं मोजून दाखवली की तपासणारा लगेच कामाला लागतो.